पावसाचा दोष की व्यवस्थेचा?

२०२५ साली नैर्ऋत्य मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत एवढ्या लवकर तो कधीही आलेला नव्हता. शहरात या घटनेची नोंद उकाड्यातून झालेली सुटका आणि तुंबलेले रस्ते अशा दोन शब्दांत झाली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र अशा अवकाळी आगमनाचा अर्थ निराळा असतो. ज्याची राबाची भाजणी राहिली आहे, ज्याचे घर शाकारून व्हायचे आहे, ज्याने पावसाळ्याचे सरपण अजून रचलेले नाही आणि जो वीटभट्टीवरून गावी परतलेलाच नाही, त्याच्या दृष्टीने पंधरा दिवस आधी आलेला पाऊस म्हणजे वर्षाचा हिशेब चुकणे होय.

ऋतूंच्या या बिघाडाला ‘निसर्गाचा कोप’ असे नाव देऊन मोकळे होणे राज्यकर्त्यांना फार सोयीचे आहे. निसर्गावर खटला भरता येत नाही, निसर्गाकडे मागणी करता येत नाही आणि निसर्ग निवडणुकीलाही उभा राहत नाही. परंतु हवेत विष साठवले कोणी, त्याचा लाभ घेतला कोणी आणि त्याची किंमत मोजतो आहे कोण, हे तीन प्रश्न विचारले की हा विषय वेधशाळेतून बाहेर पडतो आणि थेट राजकारणाच्या प्रांगणात येतो. तो तेथेच आणला पाहिजे.

कारणांविषयी शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या बेसुमार ज्वलनातून आणि जंगलांच्या तोडीतून हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या दर दहा लाख भागांत सुमारे २८० भागांवरून आज ४२० च्या वर गेले आहे. २०२४ हे मोजमापाच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशाच्या आत रोखण्याचा प्रयत्न करू, असे जगातील राष्ट्रांनी २०१५ साली पॅरिस येथे ठरविले होते. एका संपूर्ण वर्षाच्या सरासरीने ती रेषा त्या वर्षी प्रथमच ओलांडली.

हे कर्ज कोणाच्या नावावर आहे? आजवर खनिज इंधनातून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरतो. आजही अमेरिकेत दरडोई वार्षिक उत्सर्जन चौदा टनांच्या घरात आहे, भारतात ते सुमारे दोन टन आहे. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पासून दरसाल शंभर अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. तो आकडा गाठायला २०२२ साल उजाडले, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. घर जाळणाऱ्याने घर बांधायला व्याजाने पैसे द्यावेत, असाच हा न्याय आहे.

तथापि सारा दोष परदेशावर ढकलून स्वदेशातील विषमतेवर पांघरूण घालणे हेही तितकेच अप्रामाणिक ठरेल. ‘दरडोई दोन टन’ या सरासरीत मुंबईच्या काचेच्या वातानुकूलित इमारतीही आहेत आणि डोळखांब परिसरातल्या कुडाच्या भिंतीचे कातकरी घरही आहे. दिवसभर मोळी वाहणारी बाई आणि दोन-दोन मोटारी बाळगणारे कुटुंब यांची बेरीज करून त्याला ‘भारत’ म्हणायचे आणि जागतिक परिषदेत गरिबांच्या नावाने सवलत मागायची, पण देशात परतल्यावर त्या गरिबांना त्यातला वाटा मात्र द्यायचा नाही, हा दुटप्पीपणा समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने उघड केला पाहिजे.

परिणाम आता भविष्यातले राहिलेले नाहीत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापत चालला आहे. तेथून उठणारे बाष्प पूर्वीसारखे संथपणे बरसत नाही; बरेच दिवस ओढ लागते आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या पुढाकाराने झालेले संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात दाखवून दिले आहे. ठाणे जिल्ह्याला यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ चा प्रलय येथे कोणीही विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. सह्याद्रीच्या कड्यापलीकडे, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे प्राणाला मुकली. माळशेजपासून सिद्धगडापर्यंतच्या कड्याच्या पायथ्याशी वसलेल्या मुरबाडच्या वाड्यांना हा इशारा दूरचा वाटण्याचे कारण नाही.

या दोन तालुक्यांचे मुख्य पीक भात. भाताची सारी शेती पावसाच्या वेळापत्रकावर उभी आहे. रोहिणी-मृगात पेरणी, आषाढात आवणी, भाद्रपदात पोटरी व निसवण, आश्विन-कार्तिकात कापणी. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की रोप राबातच पिवळे पडते. दुबार पेरणीसाठी बियाणे आणायचे तर सावकाराची पायरी चढावी लागते. फुलोऱ्याच्या वेळी उष्मा पस्तीस अंशांपलीकडे गेला तर दाणा भरत नाही, लोंब्या पोकळ राहतात. आणि कापलेले भात खाचरात पसरलेले असताना पाऊस आला तर दाण्याला तेथेच मोड येतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ घोंगावत होते, तेव्हा कोकणपट्टीत नेमके हेच झाले. दिवाळीच्या तोंडावर हाताशी आलेले पीक भिजले, पेंढाही काळा पडला. म्हणजे माणसाचे अन्न गेले आणि गुरांचा चाराही गेला.

आता या नुकसानीच्या भरपाईचा हिशेब पाहू. त्या नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी आठ हजार रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. हेक्टरी आठ हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे एक्याऐंशी रुपये. वीस गुंठ्यांच्या आदिवासी शेतकऱ्याला या दराने सोळाशे रुपये होतात. बियाणे, खत, नांगरट आणि चार महिन्यांची घरच्या माणसांची मजुरी यांची किंमत सोळाशे रुपये! परंतु हे सोळाशेसुद्धा ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्यालाच. जो दुसऱ्याचे खाचर अर्धेलीने करतो, ज्याच्या वनप्लॉटचा दावा कार्यालयात पडून आहे, ज्याच्या आजोबाच्या नावावरची जमीन चार वारसांत कागदावर वाटलीच गेलेली नाही, त्याच्या शेतातले नुकसान पंचनाम्याच्या कागदाला दिसत नाही. पाऊस सातबारा विचारून पडत नाही, मदत मात्र सातबारा पाहिल्याशिवाय मिळत नाही.

ज्यांच्याकडे गुंठाभर जमीनही नाही त्यांचे काय? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मजुरी हजारी विटांवर ठरलेली. थापलेली कच्ची वीट अवकाळी पावसात विरघळली की कष्ट मातीला मिळतात, आणि उचल मात्र जशीच्या तशी उभी राहते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. परंतु मे महिन्यातला एक पाऊस त्या मजुराला पुढच्या हंगामासाठी पुन्हा त्याच भट्टीशी बांधून ठेवू शकतो. हवामानबदल म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण कोणत्या जागतिक अहवालात सापडेल? आकाशातला बिघाड जमिनीवरच्या शोषणाच्या जुन्या साच्यातच येऊन पडतो आणि तो साचा अधिक घट्ट करतो.

या साऱ्यात पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा आणि सर्वांत लाजिरवाणा आहे. शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथेच १८९२ साली तानसा धरण झाले. उत्तर सीमेवर वैतरणेवर १९५७ मध्ये मोडकसागर आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा उभे राहिले. भातसा धरणाने तर साऱ्यांवर कडी केली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठ्यापैकी निम्मा साठा एकट्या भातशाचा आहे. मुरबाड-अंबरनाथच्या सीमेवर १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले. पुढे त्याची उंची वाढविताना आणखी गावपाडे उठले. त्याचे पाणी कारखान्यांना आणि वाढत्या शहरांना जाते. आणि होळी उलटली की याच तालुक्यांच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा लागतात. भातसा, तानसा पोटात असलेल्या शहापूरच्या गावांसाठी नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागते, याहून मोठी कबुली शासनाने आणखी कोणती द्यावी? उशाला धरण आणि घशाला कोरड ही म्हण येथे दरसाल खरी ठरते.

येथील काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, हे भूगोलाचे सत्य आहे. परंतु त्याच कातळावर धरणे बांधून शंभर किलोमीटरवरील महानगराला बारमाही पाणी देता येते, हेही इतिहासाचे सत्य आहे. जे मुंबईसाठी शक्य झाले ते धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरील वाडीसाठी अशक्य ठरावे, यात कातळाचा दोष नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिले स्थान आहे. ते कोणाच्या पिण्याचे, हा प्रश्न तेवढा अनुत्तरित ठेवला गेला आहे. पाऊस लहरी होत जाईल, फेब्रुवारी-मार्चमधला उष्मा वाढेल, झरे व विहिरी लवकर आटतील, तसा हा प्रश्न अधिक उग्र होणार आहे.

आणि याच भीतीचा आधार घेऊन आणखी एक संकट पुढे केले जात आहे. पाऊस बेभरवशाचा झाला, म्हणून महानगरासाठी आणखी धरणे हवीत, असा युक्तिवाद आता हवामानबदलाच्या भाषेत मांडला जातो. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडविणाऱ्या या धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीवाचूनच सुरू करण्यात आले. श्रमिक मुक्ती संघटनेने लढा दिला, न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने काम थांबविले. तरीही ‘काळू’ आणि ‘शाई’ ही नावे शासकीय आराखड्यांतून जात नाहीत. हवेतला कार्बन शोषून घेणारे उभे जंगल बुडवायचे, त्याच्या बदल्यात दूरच्या कुठल्या माळावर रोपे लावल्याची नोंद करायची आणि या व्यवहाराला हवामानाशी जुळवून घेणे म्हणायचे, ही शब्दांची फसवणूक आहे. त्या जंगलातला मोह, शेवळी, करटोली, कंद आणि मध यांवर पावसाळ्याचे कठीण दिवस काढणाऱ्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना कोणत्या रोपवनात ते परत मिळणार?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा लढा शहापूर विरुद्ध मुंबई असा रंगविण्याचा प्रयत्न होईल, आणि काही पुढाऱ्यांना तो सोयीचाही वाटेल. परंतु मुंबईच्या झोपडपट्टीत पहाटे उठून नळाला रांग लावणारी कामगार स्त्री ही मुरबाडच्या आदिवासी स्त्रीची शत्रू नव्हे. झोपडीचे वय पाहून पाणी नाकारता येणार नाही, हे तिलाही पाणी हक्क समितीच्या याचिकेवर २०१४ साली उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले. महानगरात येणारे पाणी गळती आणि चोरीत मोठ्या प्रमाणावर वाया जाते. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची मोठी केंद्रे उभारण्यास मुंबई महापालिकेने २०२२ पर्यंत वाट पाहिली. नव्या धरणाचा खर्च सहज दिसतो. जुनी नळवाहिनी दुरुस्त करण्यात मात्र ठेकेदाराला तेवढा रस नसतो. तहानलेल्यांना परस्परांविरुद्ध उभे करून पाण्याच्या नासाडीवर पडदा टाकण्याचा डाव दोन्हीकडच्या श्रमिकांनी मिळून उधळला पाहिजे.

तर मग उत्तर काय? या भूमीला उत्तरे शोधण्याची परंपरा आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बंदूक हाती घेण्यापूर्वी कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या, हे कमी आठवले जाते. सावकाराच्या दारी न जाता अडल्यानडल्या शेतकऱ्याला व आदिवासीला धान्य मिळावे, एवढीच त्यामागची साधी कल्पना होती. पुढे १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे रस्त्यावर उतरली. वि. स. पागे यांच्या योजनेला चळवळींच्या रेट्याने बळ मिळाले आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. २००५ साली त्याच तत्त्वावर देशाचा कायदा झाला. त्या कायद्याचे नाव व स्वरूप पुढे बदलत गेले, पण त्यामागचे तत्त्व बदललेले नाही: संकट निसर्गाचे असले तरी त्यातून तगण्याचा हक्क नागरिकाचा असतो आणि तो भीक म्हणून मागायचा नसतो. हवामानाच्या संकटालाही हाच न्याय लावला पाहिजे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे पुढे आल्या पाहिजेत. धरणाच्या पाणलोटातील व कालव्यालगतच्या प्रत्येक गावपाड्याला त्या धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क कायद्याने मिळाला पाहिजे, आणि महानगर भरत असलेल्या पाणीपट्टीतील निश्चित हिस्सा या तालुक्यांच्या पाणीपुरवठ्यासाठी राखला पाहिजे. पीकनुकसानीचा पंचनामा जमिनीच्या मालकाचा न होता कसणाऱ्याचा झाला पाहिजे. कोण कसतो याची साक्ष ग्रामसभेइतकी खात्रीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. वीटभट्टी मजुराला पावसाने गेलेल्या कामाच्या दिवसांची किमान मजुरी मिळाली पाहिजे आणि अशा नुकसानीची वसुली उचलीतून करणे हा गुन्हा मानला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील वैयक्तिक दाव्यांबरोबर सामूहिक दावेही निकाली काढले पाहिजेत, कारण ज्याचा जंगलावर हक्क असतो तोच वणवा विझवायला धावतो. रोजगार हमीच्या कामांतून बंधारे, झऱ्यांचे संवर्धन, पाड्यावरच्या पाणीटाक्या आणि पावसात टिकतील अशी मळणीची छप्परे उभी राहिली पाहिजेत. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्या मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यांचा आराखडाही झाला पाहिजे, आणि तो मंत्रालयात न होता ग्रामसभेत झाला पाहिजे. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला दिलेले अधिकार कागदावरून जमिनीवर उतरविण्याची हीच वेळ आहे.

या मागण्या केवळ निवेदनांनी मान्य होणार नाहीत. कार्यकर्त्यांनी आपल्या पाड्यावर पाऊस कधी आला, किती दिवस थांबला, विहीर कोणत्या महिन्यात आटली, टँकर कधी आला, कोणाचे भात भिजले आणि कोणाचा पंचनामा झाला नाही, याची वही ठेवावी. शासनाजवळ सरासरी असते. चळवळीजवळ नावनिशीवार हिशेब असला पाहिजे. अशी शंभर गावांची वही तहसील कार्यालयासमोर उघडली गेली, तर निसर्गाच्या कोपाच्या सबबीखाली लपणे कोणालाही सोपे राहणार नाही.

पाऊस लवकर आणावा वा उशिरा, हे कोणत्याही सरकारच्या हातात नाही. पडलेल्या पावसाचे पाणी प्रथम कोणाच्या हंड्यात जावे आणि वाहून गेलेल्या पिकाचे नुकसान कोणी सोसावे, हे मात्र सर्वस्वी माणसांच्या निर्णयावर अवलंबून आहे. ते निर्णय आजवर ज्यांनी घेतले त्यांना जाब विचारणे आणि यापुढचे निर्णय कष्टकऱ्यांच्या हाती आणणे, हेच शहापूर-मुरबाडच्या चळवळीपुढचे काम आहे.